बॉनेटखाली पाण्याची बाटली लावली की गाडीचं मायलेज खरंच वाढतं का?

गाडीचं बॉनेट उघडलेलं असतं. बॅटरीच्या शेजारी एक पारदर्शक डबी, तिच्यात पाणी, पाण्यात बुडबुडे. डबीतून निघालेली बारीक नळी थेट एअर फिल्टरच्या पाइपात घुसलेली. मागून आवाज येतो, "एक लिटर पाणी, हजार किलोमीटर. मायलेज तीस टक्के जादा. गॅरंटी!" हा व्हिडीओ किंवा त्याचा एखादा भाऊ तुमच्याही फॅमिली ग्रुपवर कधीतरी येऊन गेला असेल.

हसून सोडून द्यावं असं हे प्रकरण नाही, कारण समोरचा आकडा मोह पाडणारा आहे. समजा नवीन जालन्यात राहणारा एखादा माणूस नोकरीसाठी रोज छत्रपती संभाजीनगरला कारने जातो. एका बाजूने साधारण ६० किलोमीटर. महिन्याला २५ दिवस धरले तर ३,००० किलोमीटर झाले. गाडी लिटरला २० देत असेल तर १५० लिटर पेट्रोल, म्हणजे आजच्या भावाने पंधरा हजारांच्या वर खर्च. यातले तीस टक्के वाचले तर महिन्याला साडेचार हजार रुपये! काही हजारांचं किट दोन-चार महिन्यांत फिटलं, पुढे नुसता फायदा. त्यात भर म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून मायलेज घसरल्याची कुरकुर सगळीकडे आहे. पेट्रोलियम मंत्रालयानेही २०२५ मध्ये मान्य केलं की नव्या पेट्रोलसाठी जुळवून घेतलेल्या गाड्यांत १ ते २ टक्के आणि इतर गाड्यांत ३ ते ६ टक्के फरक पडू शकतो. अशा वेळी कुणी मायलेज वाढवून देतो म्हटलं, तर माणूस निदान ऐकून तरी घेतो.

तर मग हे किट खरं की खोटं? जालन्यात नळाला पाणी कधी येणार याचा भरवसा नसतो, तिथे गाडीने पाण्यावर चालावं ही कल्पनाच जरा चैनीची वाटते. पण तो मुद्दा बाजूला ठेवू आणि आधी डबीत काय आहे ते बघू.

डबीत नेमकं काय असतं?

किटला एचएचओ किट, हायड्रोजन किट, हायड्रो किट, ड्राय सेल अशी बरीच नावं आहेत. आत स्टेनलेस स्टीलच्या पातळ प्लेट्स एकमेकींपासून थोड्या अंतरावर बसवलेल्या असतात. पाण्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइड मिसळलेलं असतं, कारण शुद्ध पाण्यातून वीज नीट वाहत नाही. गाडीच्या विजेवर या प्लेट्सना करंट दिला की पाण्याचं विघटन होतं, एका बाजूला हायड्रोजन आणि दुसऱ्या बाजूला ऑक्सिजन सुटतो. शाळेत नववी-दहावीला विज्ञानाच्या तासाला दाखवतात तोच प्रयोग. दोन्ही वायू वेगळे न करता एकत्रच नळीतून इंजिनात सोडले जातात.

म्हणजे डबीत हायड्रोजन तयार होतो हे शंभर टक्के खरं आहे. तो जळतो हेही खरं आहे. विक्रेता काडी लावून ‘भक्‌’ करून दाखवतो तेव्हा तो हातचलाखी करत नसतो. वाद हायड्रोजन आहे की नाही याचा नाहीच. किती आहे, आणि तो बनवायला काय मोजावं लागतं, हा खरा वाद आहे.

एका लिटर पाण्याचा हिशोब

विक्रेत्याचंच वाक्य घेऊ, एक लिटर पाण्यात हजार किलोमीटर. गंमत म्हणजे हे वाक्य बऱ्यापैकी खरं असतं! सर्वसाधारण किट १२ ते १४ व्होल्टवर २० अँपिअरच्या आसपास करंट घेतं. सात कप्प्यांचा सेल धरला तर तासाला जेमतेम ५० मिलीलिटर पाणी फुटतं. म्हणजे लिटरभर पाणी वीस तास सहज पुरतं, आणि वीस तासांत गाडी हजार किलोमीटर जाते.

पण याच वाक्यात किटचा निकाल लागतो.

एक लिटर पाण्यात वजनाने साधारण १११ ग्रॅम हायड्रोजन असतो. तो पूर्ण जाळला तर सुमारे १३ मेगाज्यूल ऊर्जा मिळते. एक लिटर पेट्रोलमध्ये असते सुमारे ३२ मेगाज्यूल. म्हणजे अख्खं एक लिटर पाणी फोडून मिळालेला हायड्रोजन हा अर्ध्या लिटर पेट्रोलच्याही बरोबरीचा नाही. आणि लिटरला २० देणारी गाडी हजार किलोमीटरला ५० लिटर पेट्रोल पिते. पन्नास लिटरात अर्ध्या लिटरची भर, तीही एक टक्क्याच्या आत. तीस टक्के येणार कुठून?

वीज फुकट नाही

"अहो, पण एक टक्का तरी वाढेल ना?" नाही, कारण तो एक टक्काही फुकटचा नाही.

किट समर्थकांचा आवडता मुद्दा असा की अल्टरनेटर तसाही फिरतच असतो, त्यातली थोडी वीज वापरली तर काय बिघडलं. ऐकायला पटतं, पण अल्टरनेटर असा चालत नाही. त्यातून जितकी जास्त वीज खेचाल तितका तो फिरायला जड होतो आणि तितकं जास्त पेट्रोल इंजिनाला जाळावं लागतं. एसी लावल्यावर चढाला गाडी ओढत नाही तशीच ही गत. सायकलचा जुना डायनामो आठवत असेल त्यांना हे सांगायलाच नको. टायरला डायनामो टेकला की पायडल जड व्हायचं.

आता साखळी बघा. १०० रुपयांचं पेट्रोल इंजिनात जळलं की ३० रुपयांच्या आसपास काम मिळतं, बाकी उष्णता सायलेन्सर आणि रेडिएटरमधून निघून जाते. ते काम अल्टरनेटरमधून वीज होताना साधारण ६० टक्केच उरतं, म्हणजे १८ रुपये. त्या विजेचा हायड्रोजन होताना पुन्हा तूट, उरले ११. आणि हे ११ रुपये परत त्याच इंजिनात जाळायचे, जिथे त्यातले तीन-सव्वातीन कामाला लागणार. शंभराची नोट देऊन अकरा रुपये सुट्टे घ्यायचे, आणि "बघा, खिशात अकरा रुपये आले!" म्हणायचं, असा हा व्यवहार आहे. जालन्याच्या स्टील कारखान्यांत भट्टीवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा, विजेचं मीटर कशाकशासाठी फिरतं ते. वीज कुठेच ‘तशीही’ मिळत नाही.

कुणी म्हणेल, हे आकडे निम्मे-अधिक इकडेतिकडे होतील. होऊ देत. चांगला अल्टरनेटर, उत्तम सेल, सगळं किटच्या बाजूने धरलं तरी घातलेल्या पेट्रोलपेक्षा जास्त हायड्रोजन हाती येत नाही, कारण प्रत्येक टप्प्यावर तूटच आहे.

"पण तो इंधन नाही, कॅटॅलिस्ट आहे!"

समर्थकांमधले जाणकार इथे वेगळी बाजू मांडतात, आणि ती ऐकण्यासारखी आहे. त्यांचं म्हणणं असं की, हायड्रोजनपासून ऊर्जा मिळवायचीच नाहीये. त्याची ज्योत पेट्रोलच्या ज्योतीपेक्षा कितीतरी वेगाने पसरते. थोडा हायड्रोजन मिसळला की पेट्रोल जास्त लवकर आणि पूर्ण जळेल, वाया जाणार नाही.

ज्योत वेगाने पसरते हे खरं. गडबड आहे ती ‘वाया जाणार नाही’ मध्ये. विक्रेते सांगतात की इंजिनात ६०-७० टक्के पेट्रोल वाया जातं. इथे शब्दांचा खेळ आहे. वाया जाते ती उष्णता. पेट्रोल न जळता बाहेर पडतं असं नाही. आजच्या इंजिनात ९७-९८ टक्के पेट्रोल जळतंच. खरोखर निम्मं पेट्रोल न जळता बाहेर पडलं असतं तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून केव्हाच खलास झाला असता. सुधारायला जागा आहे ती दोन-तीन टक्क्यांची, तिच्यातून तीस टक्के निघत नाहीत.

हायड्रोजन मिसळण्याचा अभ्यास मात्र गंभीरपणे झालेला आहे. १९७० च्या दशकात तेलसंकट आलं तेव्हा अमेरिकेच्या ‘नासा’ने पेट्रोल आणि हायड्रोजनच्या मिश्रणावर इंजिन चालवून पाहिलं. १९७७ च्या अहवालात दिसलं की हायड्रोजनमुळे इंजिन बरंच जास्त हवा आणि कमी पेट्रोल अशा ‘लीन’ मिश्रणावर चालू शकतं. पण हायड्रोजन बनवायला लागणारी ऊर्जा हिशोबात धरल्यावर एकूण बचत दिसली नाही. शिवाय तिथे तासाला अर्ध्या किलोहून जास्त हायड्रोजन दिला जात होता. बॉनेटखालचं किट देतं तासाला पाच ग्रॅम. नासाचं इंजिन आपल्या कारच्या इंजिनापेक्षा सहा-सात पट मोठं होतं हे धरलं तरी किटचा हायड्रोजन पंधरा-वीस पट कमी पडतो.

आपल्याकडेही असं मिश्रण अधिकृतपणे वापरून झालं आहे. २०२० मध्ये केंद्र सरकारने सीएनजीमध्ये १८ टक्के हायड्रोजन मिसळायला परवानगी दिली आणि दिल्लीच्या राजघाट डेपोत ५० बसवर इंडियन ऑइलने चाचणी सुरू केली. पण तिथला हायड्रोजन डेपोतल्या प्लांटमध्ये नैसर्गिक वायूपासूनच बनत होता आणि टाकीत भरूनच बसमध्ये जात होता. बसच्या अल्टरनेटरवर पाणी फोडत कुणी बसलं नव्हतं.

मग काहींचं मायलेज खरंच वाढतं ते कसं?

हा या प्रकरणातला सगळ्यात इंटरेस्टिंग भाग आहे, कारण "माझ्या गाडीला फरक पडला" असं सांगणारे सगळेच खोटं बोलत नाहीत.

आजच्या गाडीत इंजिनाचा मेंदू असतो, ईसीयू. सायलेन्सरच्या पाइपात बसवलेला ऑक्सिजन सेन्सर त्याला सतत कळवत असतो की किती ऑक्सिजन शिल्लक राहिला, आणि त्यावरून ईसीयू पेट्रोल कमी-जास्त करतो. किटचा वायू आला म्हणून तो आपणहून पेट्रोल कमी करत नाही. म्हणून अनेक किटांसोबत एक छोटी ‘चिप’ येते. ती सेन्सरच्या सिग्नलमध्ये ढवळाढवळ करते आणि ईसीयूला भासवते की पेट्रोल जास्त होतंय, कमी कर. बिचारा ईसीयू कमी करतो. इंजिन लीन चालायला लागतं, मायलेज थोडं वाढू शकतं. पण ही करामत चिपची आहे. पाण्याची डबी काढून नुसती चिप ठेवली तरी जवळपास तेच होईल. आणि कंपनीने मिश्रण तसं ठेवलं नव्हतं ते उगाच नाही. लीन चालवल्यावर नायट्रोजन ऑक्साइड वाढतात, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करू शकत नाही, इंजिन अडखळायला लागतं. हे सगळं हळूहळू होतं. किटवाला तोवर पुढच्या गावाला गेलेला असतो.

दुसरं कारण आपल्या उजव्या पायात आहे. किट बसवल्यावर माणूस मायलेजकडे लक्ष द्यायला लागतो, ॲक्सिलरेटर हळू दाबतो. बसवतानाच मेकॅनिक एअर फिल्टर साफ करतो, टायरची हवा बघतो, कधी ऑइलही बदलून देतो. या सगळ्याने फरक पडतोच.

वेगाचा परिणाम तर अनेकांच्या लक्षातच येत नाही. जालन्याजवळून समृद्धी महामार्ग जातो, कारला १२० ची मर्यादा आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ८० च्या तुलनेत १२० ला दर किलोमीटरमागे हवा कापायला सव्वादोन पट ऊर्जा लागते. आधी समृद्धीवरून १२० ने जाणारा माणूस किट बसवल्यावर उत्सुकतेपोटी ८० ने गेला, तर मायलेज असं वाढेल की तो शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही किट घ्यायला लावेल.

खरी परीक्षा करायची तर किटचा स्विच दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्यावा लागतो, चालवणाऱ्याला चालू की बंद हे कळता कामा नये. तोच रस्ता, तोच वेग, तोच पंप, दरवेळी टाकी फुल, आणि असं निदान चार-पाच टाक्या चालू ठेवून आणि तितक्याच बंद ठेवून. चिप असेल तर ती आधी काढून. एका टाकीवरून काढलेला आकडा पंपाचं नोजल जरा लवकर कट झालं तरी बदलतो.

जुनीच गोष्ट, नवी डबी

हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या या मिश्रणाला ‘ब्राऊन्स गॅस’ असंही म्हणतात. बल्गेरियात जन्मलेला आणि ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेला यूल ब्राऊन १९७० च्या दशकात या वायूवर वेल्डिंगची यंत्रं बनवत होता. त्या कामाला हा वायू आजही उपयोगी आहे. दागिन्यांच्या बारीक कामात आणि औषधांचे काचेचे अँप्यूल सील करायला त्याच्या ज्योती वापरल्या जातात. वीज भिंतीतल्या सॉकेटमधून येते, त्यामुळे तिथे ऊर्जा वाढवून देण्याचा दावाच नसतो.

गाडीत हा वायू आला आणि कहाण्या सुरू झाल्या. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात स्टॅनली मेयर नावाच्या माणसाने पाण्यावर चालणारी बग्गी बनवल्याचं सांगितलं. गुंतवणूकदार कोर्टात गेले, तज्ज्ञांनी त्याचा सेल तपासला तर ते साधं विघटन निघालं. १९९६ मध्ये कोर्टाने हा उघड फसवणुकीचा प्रकार ठरवून त्यांचे २५ हजार डॉलर परत करायला लावले. १९९८ मध्ये मेयरचा मृत्यू झाला आणि ‘त्याला तेल कंपन्यांनी संपवलं’ ही कथा आजही फिरते.

२००८ मध्ये अमेरिकेत पेट्रोल भडकलं आणि किटांचं पेव फुटलं. ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’ मासिकाने किट बसवून मोजलं, फरक शून्य. मायलेज किमान ५० टक्के वाढवण्याचं आश्वासन देणाऱ्या ‘हायड्रो असिस्ट फ्युएल सेल’च्या विक्रेत्यांना तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ मध्ये कोर्टात खेचलं. याच कमिशनच्या म्हणण्यानुसार पर्यावरण संस्थेने इंधन वाचवणारी म्हणून विकली जाणारी शंभराहून जास्त उपकरणं तपासली आहेत आणि लक्षणीय फरक पाडणारं एकही सापडलेलं नाही.

२०१२ मध्ये पाकिस्तानात आगा वकार अहमद नावाच्या माणसाने टीव्हीवर वॉटर किट दाखवलं. मंत्री भारावले, अँकर गाडीत बसले, अणुशास्त्रज्ञ ए. क्यू. खान यांनीही भलामण केली. परवेझ हुडभॉय यांच्यासारखे भौतिकशास्त्रज्ञ ऊर्जेचे नियम समजावून सांगत राहिले. आपण हसायचं कारण नाही. १९९६ मध्ये तामिळनाडूतल्या रामर पिल्लईने पाण्यात वनस्पती उकळून पेट्रोल बनवल्याचा दावा केला तेव्हा आपल्याकडेही भलेभले थक्क झाले होते. ते ‘हर्बल पेट्रोल’ म्हणजे टोल्यूइन, नाफ्ता अशा रसायनांचं मिश्रण निघालं. सीबीआयने खटला भरला आणि वीस वर्षांनी, ऑक्टोबर २०१६ मध्ये, चेन्नईच्या कोर्टाने त्याला तीन वर्षांची शिक्षा सुनावली.

"मग गडकरी हायड्रोजनच्या गाडीतून कसे फिरले?"

कमेंटमध्ये हा प्रश्न येतोच. मार्च २०२२ मध्ये नितीन गडकरी टोयोटा मिराईतून संसदेत गेले होते. पण मिराईत पेट्रोल नाहीच. तिच्या टाक्यांत ७०० बार दाबाखाली सुमारे साडेपाच किलो हायड्रोजन बाहेरून भरलेला असतो, फ्युएल सेलमध्ये त्याची वीज होते आणि मोटार फिरते. तेवढा हायड्रोजन बॉनेटखालच्या किटने बनवायचा म्हटलं तर ते दिवसरात्र चालू ठेवून दीड महिना लागेल. ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात केपीआयटी आणि सीएसआयआरने दाखवलेली बसही फ्युएल सेलचीच होती. केंद्राचं १९,७४४ कोटींचं ग्रीन हायड्रोजन मिशन आहे ते सौर आणि पवन ऊर्जेवर पाणी फोडण्यासाठी. पेट्रोल जाळून वीज, विजेने हायड्रोजन आणि तो पुन्हा पेट्रोलसोबत जाळायचा, हा उलटा प्रवास यातल्या कुठल्याच योजनेत नाही.

डबीचा धोका आणि आरसीचा प्रश्न

पैसे गेले एवढ्यावर भागत असतं तर ठीक होतं. हायड्रोजन आणि ऑक्सिजन पेटायला अगदी योग्य प्रमाणात एकत्र असलेला हा वायू आहे, त्याला बाहेरची हवाही लागत नाही. इंजिनातून ज्वाळा उलटी नळीत आली आणि मध्ये पाण्याचा बबलर किंवा फ्लॅश अरेस्टर नसेल, तर सेल फुटतो. आत असतं पोटॅशियम हायड्रॉक्साइड, जे कातडी आणि डोळे जाळतं. घरगुती जुगाडात काहीजण मीठ किंवा खाण्याचा सोडा टाकतात. मिठाने क्लोरीन सुटू शकतो, आणि स्टीलच्या प्लेट्स झिजून क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरू शकतात. पाणी तपकिरी झालं की ते मोरीत ओतून मोकळं होण्यासारखं राहत नाही.

शिवाय कायदा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही. सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हेच म्हटलं. कलम १८२ अ नुसार असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. सीएनजी किट चालतं, कारण त्याची पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासणी होऊन मंजुरी मिळालेली असते आणि आरटीओत आरसीवर नोंद होते. एमएच २१ च्या गाडीला पाण्याची डबी लावली आणि पुढे बॉनेटमध्ये आग लागली, तर विमा कंपनी पहिला प्रश्न त्या डबीबद्दलच विचारेल.

म्हणून किटवाला समोर आलाच, तर त्याच्याकडे ग्राहकांचे व्हिडीओ मागू नका, ते त्याच्याकडे भरपूर असतात. त्या मॉडेलच्या गाडीवर झालेल्या चाचणीचा एआरएआयचा अहवाल आणि मंजुरी क्रमांक मागा, आणि आरसीवर नोंद करून देणार का ते विचारा. बहुतेक वेळा उत्तर येतं, "ते प्रोसेसमध्ये आहे."

हल्ली हाच वायू आणखी एका रूपात विकला जातो, तो म्हणजे गॅरेजमधलं ‘हायड्रोजन कार्बन क्लीनिंग’. यात मशीन गाडीत बसवत नाहीत. गॅरेजच्या विजेवर वायू बनवून अर्धा-पाऊण तास चालू इंजिनात सोडतात. इथे अल्टरनेटरवर बोजा पडत नाही, त्यामुळे वरचा ऊर्जेचा हिशोब लागू होत नाही. प्रश्न राहतो तो कार्बन किती निघाला याचा. ते बघायचं तर क्लीनिंगच्या आधी आणि नंतर प्लगच्या भोकातून छोटा कॅमेरा घालून पिस्टनचा फोटो काढायला सांगा, आणि सायलेन्सरमधून निघालेल्या काळ्या पाण्यावर समाधान मानू नका. ते थोडंफार कुठल्याही गाडीतून निघतं.